फाइल केवढी आणि जागा केवढी?

गावच्या एखाद्या गोदामाची कल्पना करा. गोदामाचा नियम असा, की धान्य मोठ्या पोत्यातूनच ठेवायचे आणि एका पोत्यात दोघांचे धान्य घालायचे नाही. कुणी पोतेभर गहू आणला तरी एक पोते आणि कुणी मूठभर तीळ आणले तरीही एक पोतेच! तिळाचे वजन ते किती? पण जागा मात्र पोत्याची अडली.

जुन्या संगणकांच्या डिस्कवर नेमके असेच होते. डिस्कवरील जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटलेली असते. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. फाइल कितीही लहान असो, तिला निदान एक पुरा क्लस्टर लागतो. म्हणून फाइलची लांबी वेगळी आणि तिने अडवलेली जागा वेगळी.

हा क्लस्टर केवढा? १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर तो अवघा ५१२ बाइटांचा असे. हार्ड डिस्कची गोष्ट निराळी. डॉस आणि पहिल्या विंडोज ९५ मध्ये फॅट-१६ नावाची पद्धत होती. तिच्या नोंदवहीत प्रत्येक क्लस्टरला सोळा बिटांचा क्रमांक मिळे. म्हणजे क्रमांक फार तर ६५ हजारांच्या आसपास. डिस्क मोठी झाली तरी क्रमांक वाढत नाहीत. मग करायचे काय? पोतेच मोठे करायचे! त्यामुळे १२८ ते २५५ मेगाबाइटच्या डिस्कवर क्लस्टर ४ किलोबाइटचा, तर १ ते २ गिगाबाइटच्या डिस्कवर तो तब्बल ३२ किलोबाइटचा झाला.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका शाळेत ४०० मुलांच्या गुणपत्रकांच्या ४०० फाइली आहेत आणि प्रत्येक ७०० बाइटांची आहे. बेरीज केली तर २,८०,००० बाइट, म्हणजे सुमारे २७३ किलोबाइट. फ्लॉपीवर प्रत्येकीला दोन क्लस्टर लागतील. एकूण ४०० किलोबाइट. त्याच फाइली दीड गिगाबाइटच्या जुन्या डिस्कवर ठेवल्या, तर प्रत्येकीला ३२ किलोबाइट लागून साडेबारा मेगाबाइट जागा अडेल! मजकुराचे एक अक्षरही वाढले नाही, बरे का.

येथे एक चूक हटकून होते. सगळ्या लांब्यांची बेरीज करून तिला क्लस्टरने भागायचे, असे अनेकांना वाटते. तसे करू नये. प्रत्येक फाइलीला वेगळे भागावे, उरलेल्या तुकड्यासाठी एक पुरा क्लस्टर धरावा आणि मग बेरीज करावी. क्लस्टरचे माप डॉसमधील 'चेकडिस्क' या आज्ञेने कळते. ते ठाऊक नसेल तरी अडत नाही. 'डीआयआर' ही आज्ञा शेवटी मोकळी जागा सांगते. फाइली उतरवण्यापूर्वी आणि नंतर तो आकडा लिहून ठेवावा. वजाबाकी केली, की खरी जागा हाती आली.

यावर उपाय सोपा आहे. चारशे फाइलींची एकच फाइल केली, तर त्याच डिस्कवर तिला नऊ क्लस्टर, म्हणजे २८८ किलोबाइट पुरतात. पुढे १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आली आणि ८ गिगाबाइटपर्यंतच्या डिस्कवर क्लस्टर पुन्हा ४ किलोबाइटवर आला.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींसाठी एक सावधगिरीची गोष्ट. पोत्यात मूठभर तीळ घातले, पण तळाशी आधीचे दाणे तसेच राहिले तर? डिस्कवर तसेच घडते. फाइल पुसली म्हणजे मजकूर लगेच जात नाही. त्या जागी नवी लहान फाइल आली, तरी क्लस्टरच्या उरलेल्या भागात जुना मजकूर राहू शकतो आणि जाणकाराला तो वाचताही येतो. मुलांची नावे, पत्ते, गुण त्यात असू शकतात. म्हणून शाळेच्या कपाटात पडलेला जुना संगणक भंगारात देताना फाइली पुसल्या एवढ्यावर समाधान मानू नका. सारी डिस्क नव्या मजकुराने भरून पुसून घ्या किंवा ती काढून मोडून टाका. रिकामी दिसणारी जागा रिकामी असतेच असे नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.