पाचशे डॉलरचे जलरंग

मंडळी, उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की यलोस्टोनची ट्रिप ठरलेलीच! आम्हीही गेलो होतो. दरीच्या काठावर उभं राहून बाबा म्हणाले, "चित्रात कोणी असा पिवळा लावला असता, तर जरा जास्तच झालं असं म्हटलं असतं!" गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी उकळत्या झऱ्यांच्या आणि रंगीत कड्यांच्या गोष्टी शिकारी लोक सांगत, तेव्हा लोकांना त्या थापाच वाटत. त्या खऱ्या आहेत हे पटवण्यात मोठा वाटा होता थॉमस मोरान या चित्रकाराचा.

मोरानही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. जन्म १८३७ चा, इंग्लंडमधला. लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत आले. १८७१ साली 'स्क्रिब्नर्स' मासिकातल्या यलोस्टोनवरच्या लेखासाठी त्यांनी चित्रं काढली, तीही जागा न पाहता, दुसऱ्यांच्या कच्च्या रेखाटनांवरून. मग मात्र त्यांना राहवेना. त्याच उन्हाळ्यात भूगर्भशास्त्रज्ञ हेडन यांची सरकारी मोहीम तिकडे निघाली होती, पण जायला पैसे हवेत ना! बँकर जे कुक यांनी ५०० डॉलर उसने दिले. कुक रेल्वेसाठी भांडवल उभं करत होते, त्यामुळे प्रवासी वाढण्यात त्यांचाही फायदा होताच. मासिकानेही हातभार लावला. घोड्यावर कधी न बसलेले मोरान खोगिरावर उशी ठेवून निघाले!

सोबत छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन होते, पण तेव्हाचे फोटो कृष्णधवल. रंग दाखवायचे तर जलरंगच हवेत. ते प्रवासात सोयीचे. तेलरंग वाळायला दिवस लागतात, हे काही मिनिटांत वाळतात. शिवाय जलरंग पारदर्शक. प्रकाश त्यातून खालच्या पांढऱ्या कागदापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. वाफ दाखवायची तर तिथे कागद कोरा सोडायचा. मात्र एकदा रंग पडला की 'अनडू' नाही! म्हणून मोरान जागेवर झटपट रेखाटन करून त्यावर रंगांच्या नोंदी लिहून ठेवत आणि बरीच चित्रं नंतर घरी सावकाश पूर्ण करत. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी कॉमेंट्स, मग कोड!

त्या हिवाळ्यात जॅक्सन यांचे फोटो आणि मोरान यांची चित्रं काँग्रेसच्या सदस्यांना दाखवली गेली. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि २० लाख एकरांहून मोठं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जन्माला आलं. हे एकट्या चित्रांनी झालं असं नाही. हेडन यांचे प्रयत्न होते, रेल्वेवाल्यांचा रेटाही होता. आणि शोशोनीसारख्या ज्या मूळ रहिवाशांचा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर होता, त्यांना कोणी विचारलं नाही, हेही विसरून चालणार नाही. त्याच वर्षी काँग्रेसने मोरान यांचं त्या दरीचं भव्य तैलचित्र १०,००० डॉलरना विकत घेतलं.

कुक यांची बँक १८७३ मध्ये बुडाली. त्यांच्या लाखोंच्या व्यवहारांची आज कोणाला आठवणही नाही, पण एका चित्रकाराच्या प्रवासाला दिलेले ते ५०० डॉलर आपण दर उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन बघायला जातो. तेव्हा मंडळी, देणगीचा चेक लिहिताना आकडा लहान वाटला, तर ती पिवळी दरी जरूर आठवा!