हळद परदेशी गेली. पैसा कसा येतो?

सांगली भागातील हळद परदेशी पाठविणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदाने असे विचारणे साहजिक आहे की, माल न्हावा-शेवा बंदरातून निघून गेला, मग पैसे अद्याप का नाहीत? ह्याचे उत्तर बहुधा हुंडीच्या मुदतीत सापडते.

हुंडी आपल्याकडील पेढ्यांना नवी नाही. परदेशी व्यापारातील विनिमयपत्र हे त्याच जातीचे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार ती एक बिनशर्त लेखी आज्ञा होय: अमुक रक्कम अमक्यास द्यावी. आज्ञा करतो विक्रेता, आणि ती होते खरीदणाऱ्यास. जुन्या समुद्री व्यापारात जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळत. विनिमयपत्रात अशी अट चालत नाही, म्हणून मालाचा विमा वेगळा उतरवावा लागतो.

समजा, कंपनीने हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यास हळद विकली. माल जहाजावर चढला की जहाज कंपनी भरणपत्र देते. हे मालाच्या मालकीचे पत्र असून ते मूळ स्वरूपात दाखविल्याखेरीज बंदरात माल सुटत नाही. कंपनी हुंडी लिहून तिला भरणपत्र, बीजक व इतर दाखले जोडते आणि आपल्या बँकेमार्फत हॅम्बुर्गच्या बँकेकडे पाठविते. हुंडी दर्शनी असेल तर व्यापाऱ्याने रक्कम भरल्यावरच कागद त्याच्या हाती पडतात. हुंडी मुदती, समजा ९० दिवसांची, असेल तर बहुधा तो तिच्यावर स्वीकृतीची सही करतो आणि कागद घेऊन माल सोडवितो. माल त्याच्या गोदामात, आपल्या हाती केवळ त्याची सही! ती सही बंधनकारक असते खरी. परंतु परदेशात दावा लावणे लहान कंपनीस परवडत नाही. अनोळखी ग्राहकास मुदती हुंडीवर माल देऊ नये, हेच बरे. द्यावाच लागला तर १९५७ साली स्थापन झालेल्या निर्यात पत हमी महामंडळाचा विमा आधी उतरवावा.

दर्शनी हुंडीही अगदी निर्धोक नव्हे. भाव उतरले तर व्यापारी ती सकारत नाही, आणि माल परक्या बंदरात पडून भाडे चढत जाते. म्हणून सोबतच्या सूचनापत्रात, अशा वेळी माल कोणी ताब्यात घ्यावा व नोटरीकडून निषेध नोंदवावा की नाही, हे लिहावे. बँक येथे कागद पोचविणारी आहे. ती पैशाची हमी घेत नाही. तिने हुंडी वटवून आगाऊ रक्कम दिली असली, तरी हुंडी न सकारल्यास ती रक्कम बहुधा परत मागते. ही गोष्ट ग्रामीण कार्यकर्त्यांनी सभासदांस वाटपापूर्वीच समजावून द्यावी.

विमानाने जाणाऱ्या हापूसची गोष्ट निराळी. विमानपावती हे मालकीचे पत्र नव्हे. तिच्यावर ज्याचे नाव, त्याला माल मिळतो. ग्राहकाचेच नाव घातले तर रक्कम न भरता पेट्या सुटतात. परदेशी बँकेचे नाव घालावयाचे असल्यास तिची संमती आधी मिळवावी. न विचारता पाठविलेला माल ताब्यात घेण्यास ती बांधलेली नसते. आंब्याच्या बाबतीत काही रक्कम पेट्या निघण्यापूर्वीच मागून घेणे इष्ट.