अन्नावरची वासना

मराठीत भूक आणि वासना हे दोन निराळे शब्द आहेत. ‘भूक लागत नाही’ ही पोटाची तक्रार झाली; ‘अन्नावरची वासनाच उडाली’ ही त्याहून खोलवरची. आपण डॉक्टर मंडळी मात्र केसपेपरवर दोहोंसाठी ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा एकच शब्द लिहून मोकळे होतो. या दोहोंत केवढे अंतर आहे, हे मला चार किलो वजनाच्या एका मांजरीच्या आजारपणात जवळून पाहावयास मिळाले. मनुष्यांच्या वैद्याने मार्जारकथा सांगावी हे काहींना विनोदी वाटेल. परंतु तिच्यात आपल्या कामाचेही पुष्कळ आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी बडोद्याच्या अनेक वस्त्यांत शिरले. आम्ही घर सोडून नातेवाइकांकडे गेलो. आमची चिंगी, वय वर्षे सात, अंगाने चांगली गुबगुबीत. त्या परक्या घरात ती पलंगाखाली जाऊन बसली आणि तिने अन्न वर्ज्य केले. पाणी ओसरून दवाखाने उघडेपर्यंत सहा दिवस लोटले. तोवर तिच्या डोळ्यांत आणि हिरड्यांवर कावीळ उतरली होती.

निदान झाले हिपॅटिक लिपिडोसिस, म्हणजे यकृतात मेद साचणे. मनुष्य एकादशी करू शकतो. मांजराच्या शरीराला उपवास मानवत नाही. ते पूर्णतः मांसाहारी असल्यामुळे त्याच्या यकृतातील प्रथिने विघटित करणारी यंत्रणा उपाशीपोटीही फारशी मंदावत नाही. अन्न थांबले की शरीरातील चरबी यकृताकडे धाव घेते, यकृताला ती हाताळता येत नाही आणि पेशी मेदाने भरून जातात. मग मळमळ वाढते, मळमळीमुळे अन्न नकोसे होते आणि अन्नावाचून यकृत आणखी बिघडते. स्थूल मांजराला हा धोका अधिक. या चक्राला एकच खरे औषध आहे, ते म्हणजे पोषण.

आमच्या तरुण पशुवैद्यांनी भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसविली. माझ्या आईला ते पाहवेना. “मुक्या जिवाला किती छळाल?” असे तिने विचारले. पशुवैद्य शांतपणे म्हणाले, “आजी, ही नळी छळण्यासाठी नाही. तिच्या तोंडाशी कोणी जबरदस्ती करू नये, म्हणून आहे.” पुढील सात आठवड्यांचे सारे तत्त्व या एका वाक्यात होते.

हिशेब आपल्या परिचयाचाच आहे. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. चार किलोंना सुमारे २०० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी यातील केवळ चतुर्थांश दिले आणि चार दिवसांत पूर्ण मात्रेपर्यंत नेले. दीर्घ उपवासानंतर एकदम अन्न दिल्यास फॉस्फेट व पोटॅशियम कोसळतात, हा रीफीडिंगचा धोका मांजरालाही चुकत नाही. पातळ पथ्यान्न अंगाइतके कोमट करून, दर खेपेस ४० मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटांत, दिवसातून पाच वेळा. आधी व नंतर पाच मिलिलिटर पाणी, नळी चोंदू नये म्हणून. जखमेची पट्टी रोज बदलणे आणि रोज वजन करणे, हे आमच्या सौ.ने एखाद्या अनुभवी परिचारिकेच्या काटेकोरपणे केले.

पोटाची सोय झाली, वासनेचे काय? आई रोज मासळीची वाटी चिंगीच्या नाकाशी नेई. ती ओठ चाटी, लाळ गाळी, तोंड फिरवी. आईला ती इच्छा वाटे. वस्तुतः ती मळमळीची खूण होती. पशुवैद्यांनी वाटी बंद करविली. मळमळत असताना जे खाऊ घालावे, त्याच अन्नाचा पुढे तिटकारा बसतो. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखविले. १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टाइन यांना केमोथेरपीच्या आधी विशिष्ट आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांतही तेच आढळले. म्हणून प्रथम मळमळीवर मॅरोपिटंट, आणि आवडीचा पदार्थ तूर्त दृष्टिआडच.

मळमळ थांबल्यावर दुसरा टप्पा आला. नळीचे अन्न देण्यापूर्वी पसरट बशीत चमचाभर कोमट अन्न ठेवायचे. कोमट अशासाठी की मांजर आधी वासाने जेवते. दहा मिनिटांनी काही न बोलता बशी उचलायची. आर्जव नाही, बोटाने तोंडास लावणे नाही, औषध लपविणे नाही. आपल्याकडे नैराश्यावर देतात ते मिर्टाझापीनही, यकृताकडे पाहून कमी मात्रेत, दिले. वजन घटलेल्या मांजरांसाठी कानाला लावावयाच्या त्याच्या मलमाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली आहे. परंतु मळमळ तशीच ठेवून केवळ भुकेचे औषध देण्यात अर्थ नसतो.

सतराव्या दिवशी तिने बशी हुंगली. तेविसाव्या दिवशी एकदा जीभ लावली आणि निघून गेली. घरात कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही! रक्ततपासणी सुधारत होती, तेव्हा नळीतून जाणारी मात्रा पशुवैद्यांनी चतुर्थांशाने उतरविली, कारण भरल्या पोटी भूक जागी होत नाही. तेहेतिसाव्या दिवशी तिने बशी रिकामी केली. आईने देवापुढे साखर ठेवली. नळी मात्र लगेच निघाली नाही; आपल्या तोंडाने पुरेसे जेवून दोन आठवडे वजन टिकल्यावरच ती काढली.

माझ्या वॉर्डात नातेवाईक चमचा घेऊन रुग्णाच्या उशाशी बसतात. ‘एक घास माझ्यासाठी’ म्हणतात. त्यांचे प्रेम खरे असते आणि रुग्णाची मळमळही खरी असते. अंतिम अवस्थेतील रुग्णाचा विचार निराळा. तेथे न जेवणे हा देहाचाच निरोप असतो. पण जो बरा होणार आहे, त्याचे पोषण आपण दुसऱ्या मार्गाने निश्चित केले, तर त्या चमच्यामागची घाई नाहीशी होते. आता राउंडवर मी ‘किती खाल्ले?’ याआधी ‘मळमळते का?’ असे विचारतो, आणि नातेवाइकांना सांगतो की ताट समोर ठेवा, दहा मिनिटांनी उचला, रागावू नका.

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना एक विनंती. त्याने दोन दिवस अन्न घेतले नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवा. घरातील पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. ती मांजराला प्राणघातक ठरते. आणि नळी सुचविली गेली, तर तिला अखेरचा उपाय समजून घाबरू नका. ती जितकी लवकर बसेल, तितका जीव वाचण्याचा संभव अधिक.