पत किती आणि कार्डे किती?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर क्रेडिट कार्डासारखा बाजारी विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण असे की, युनियनच्या कचेरीत हल्ली पगारवाढीइतकेच प्रश्न कर्जाविषयी येतात. त्यांतला एक प्रश्न तरुण कामगार वारंवार विचारतात : "काका, पत वाढवायची तर कार्डे किती घ्यावीत?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर चुकले तर दोन-तीन वर्षांची शिल्लक त्यात वाहून जाते. म्हणून तो सावकाश उकलून पाहू.

प्रथम पत म्हणजे काय ते पाहू. गल्लीतला वाणी आपल्याला उधार देतो, कारण तो आपल्याला ओळखतो. बँक आपल्याला ओळखत नाही. म्हणून ती आपली ओळख दुसऱ्याकडून घेते. हे काम करणारी सिबिल ही कंपनी आपल्याकडे २००० साली निघाली आणि अशा कंपन्यांसाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. आपण कोणते कर्ज घेतले, कधी फेडले, हप्ता कधी चुकवला, याची त्यांच्याकडे नोंद असते आणि तिच्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक गुणांक निघतो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याचे पान कोरे असते. कोरे पान म्हणजे वाईट पत नव्हे. केवळ जुनी नोंद नाही एवढ्याच कारणाने पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितलेले आहे. तरी कोऱ्या पानावर बँक हात आखडून कर्ज देते, हा अनुभव आहे. कामगारांच्या पतपेढीचे कर्ज तुम्ही वर्षानुवर्षे चोख फेडलेले असले, तरी त्याची नोंद बहुधा या पानावर येत नाही.

मग हा गुणांक ठरतो कशावर? अमेरिकेत १९८९ पासून चालत आलेल्या फायको पद्धतीने आपला ठोकताळा जाहीर केलेला आहे. वेळेवर फेडीला शंभरात ३५, देणे किती आहे याला ३०, खाते किती जुने याला १५, नव्या कर्जाच्या मागणीला १० आणि कर्जाच्या प्रकारांना १०. आपल्याकडील कंपन्यांचे गणित तंतोतंत असेच आहे असे नव्हे, पण दिशा हीच आहे. आता या पाच कलमांत पाहा : 'कार्डे किती' हे कलम कुठेच नाही. कार्डांच्या संख्येचा परिणाम होतो तो आडवळणाने, या पाच कलमांतून.

तो कसा, हे उदाहरणाने सांगतो. एका कामगाराकडे ४०,००० रुपयांच्या मर्यादेचे एक कार्ड आहे आणि बिलाच्या दिवशी त्यावर ३२,००० रुपये देणे आहे. म्हणजे मर्यादेचा शेकडा ८० भाग वापरला गेला. बँकेला वाटते, या माणसाची ओढाताण चालली आहे. शेकडा ३० च्या आत राहावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. आता त्याने तेवढ्याच मर्यादेचे दुसरे कार्ड घेतले आणि खर्च तेवढाच ठेवला, तर वापर शेकडा ४० वर येतो. दुसऱ्या कार्डाच्या बाजूने जे बोलले जाते ते एवढेच, आणि ते खोटे नाही. पण त्यात 'खर्च तेवढाच ठेवला तर' ही अट आहे. दोन्ही कार्डांवर मिळून ६४,००० खर्च झाला, की वापर पुन्हा शेकडा ८० आणि कर्ज मात्र दुप्पट! शिवाय पहिल्याच कार्डाची मर्यादा वाढवून मिळाली, किंवा बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकली, तरी हाच लाभ होतो; त्यासाठी नवे कार्ड लागत नाही.

उलट नव्या कार्डाचे तोटे ठरलेले आहेत. प्रत्येक अर्जागणिक बँक आपले पान मागवते आणि त्याची नोंद होते. महिन्याभरात चार अर्ज केले, तर हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ निघतो. नव्या खात्यामुळे खात्यांचे सरासरी वय उतरते. आणि सर्वांत मोठे म्हणजे भरणा करण्याच्या तारखा वाढतात. चार कार्डांच्या चार तारखांपैकी एक जरी हुकली, तरी ३५ गुणांच्या कलमालाच धक्का लागतो.

बिलावर 'किमान रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो तर नीट समजून घ्या. समजा २०,००० रुपये बाकी आहे आणि व्याज दरमहा शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाला शेकडा ४२ आहे. महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. १२६ रुपये. तुम्ही १,००० रुपये भरले, तर मुद्दलातून फिटले अवघे १७४! पुढे एक पैसाही नवी खरेदी न करता दरमहा हजारच भरत राहिलात, तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ जाईल आणि वीस हजारांचे सुमारे त्रेचाळीस हजार भराल. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. शेकडा ३० च्या वर व्याज घेऊ नये असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा कायदा आपले व्याज कमी करील, या भरवशावर राहू नका.

१९३१ च्या शाही कामगार आयोगाने नोंदवले होते की, बहुतेक औद्योगिक शहरांतली निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत. त्या काळी सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा असे. आता तो दारात दिसत नाही, खिशात बसतो. पगार वाढवून घेण्यासाठी आपण जो संप करतो, त्याचे फळ त्याच्या हाती जाऊ द्यायचे काय?

आता उत्तर. पत घडवू पाहणाऱ्याने आरंभी एकच कार्ड घ्यावे, शक्यतो वार्षिक फी नसलेले. बँक देत नसेल, तर मुदत ठेवीच्या तारणावर मिळते. त्यावर वाणसामान, विजेचे बिल असा नित्याचाच खर्च करावा आणि पूर्ण बिल मुदतीत भरावे. रोकड कधी काढू नये. असे बारा महिने एकही चूक न होता गेले आणि एका महिन्याचा खर्च बाजूला साठला, तर मर्यादा वाढवून मागावी; तेवढ्याने भागत नसेल तरच दुसरे कार्ड. पत घडविण्यासाठी तिसऱ्याची गरज मला दिसत नाही. घरासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर आधीचे सहा महिने नवा अर्जच करू नये.

ज्यांच्याकडे आधीच चार-पाच कार्डे आहेत त्यांनी घाबरून सगळी एकदम बंद करू नयेत. आधी बाकी फेडावी, सर्वांत जुने कार्ड ठेवावे आणि फी घेणारी एकेक करून बंद करावीत. देणे फेडलेले असेल, तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. न मागता कार्ड गळ्यात मारण्यासही त्याच नियमाने बंदी आहे. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून वाचावा, चूक असेल तर लेखी तक्रार करावी. आपणच आपले पान पाहिल्याने गुण कमी होत नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. कार्डाची मर्यादा हे अंथरूण नव्हे. अंथरूण म्हणजे आपला पगार. एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.