टीव्हीची काडी घ्यायची? आधी गावची रेंज आणि वर्षाचा हिशेब पाहा!

उसाचे बिल किंवा डाळिंबाची पट्टी हातात आली, की घरातली पोरं टीव्हीचा विषय काढतात. पूर्वी 'नवा टीव्ही घ्या' म्हणायची, आता म्हणतात, "टीव्ही हाय तोच राहू द्या, नुसती काडी आणा." ही काडी म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायचे बोटभर लांबीचे यंत्र. ती बसवली की इंटरनेटवरचे सिनेमे, मालिका, क्रिकेट आणि यूट्यूब असे सगळे साध्या टीव्हीवर दिसू लागते. सोलापूरच्या नवी पेठेपासून तालुक्याच्या गावच्या मोबाईल दुकानापर्यंत अशा काड्या आणि पेट्या विकायला आहेत. अडीच-तीन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत त्यांची किंमत जाते. किंमत वाचून वाटते, स्वस्तात काम झाले. पण बैल घेताना जसे दात पाहतो, चालवून पाहतो, तसे इथेही चार गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कारण खरा खर्च यंत्राचा नाही, त्यानंतर दर महिन्याला लागणाऱ्या वैरणीचा आहे.

ॲंटेनापासून काडीपर्यंत

ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात आपल्या शेजारच्या विजापूर, गुलबर्गा भागातल्या खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. देशातल्या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती. अख्खे गाव एका संचासमोर बसायचे. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते. त्यावरचा 'आमची माती, आमची माणसं' पुढे शेतकऱ्यांच्या घरचा कार्यक्रम झाला. मग पत्र्यावर ॲंटेना आले, केबल आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने बिनपैशाची छत्री सुरू केली. तीच आजची फ्री डिश. केबल डिजिटल झाली ती सोलापूर शहरात २०१३ च्या टप्प्यात आणि खेड्यापाड्यांत २०१७ च्या सुमारास. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि काडीची वाट मोकळी झाली.

छत्री आणि काडी यांत मूळ फरक एकच. छत्री आभाळातून घेते, तिला इंटरनेट लागत नाही आणि कितीही वेळ पाहिले तरी काही संपत नाही. काडी सगळे इंटरनेटवरून ओढते. जितका वेळ पाहाल, तितका डेटा जातो.

आधी टीव्हीच्या मागे पाहा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्याच टीव्हीची पाठ पाहावी. तिथे एचडीएमआयचे चपटे, रुंद भोक असेल तरच काडी थेट बसते. जुन्या डब्याच्या टीव्हीला फक्त पिवळी-पांढरी-लाल अशी गोल भोके असतात. त्याला मध्ये वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो. चित्र दिसते, पण अक्षरे पुसट येतात. अशा टीव्हीसाठी काडीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

टीव्ही आधीच स्मार्ट असेल, तर काडीची गरजच नाही. मात्र काही वर्षे जुन्या स्मार्ट टीव्हीत ॲप अपडेट व्हायचे थांबते, टीव्ही अडकत अडकत चालतो. तिथे नवा टीव्ही घेण्यापेक्षा काडी लावणे परवडते. म्हणजे चांगल्या पडद्याच्या पण म्हाताऱ्या झालेल्या टीव्हीसाठी काडी हा चांगला उपाय आहे.

मग रेंज

साधे चित्र पाहायला तासाला साधारण १ जीबीपर्यंत डेटा जातो. एचडी पाहिले तर ३ जीबीपर्यंत आणि फोर-के पाहिले तर ७ जीबीपर्यंत. आता आपला मोबाईलचा प्लॅन पाहा. दिवसाला दीड जीबी असेल, तर एचडी सिनेमा अर्ध्या तासात डेटा खलास करतो. नायक-नायिकेची भेट व्हायच्या आत चाक फिरायला लागते! म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काडी चालवायचा बेत करू नये. कधीतरी पाहुणे आले, क्रिकेटची मॅच आहे, तर ठीक. रोजच्या पाहण्याला घरात फायबरची तार किंवा एअरफायबर हवे.

भारतनेट आणि महानेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, म्हणजे वाडीवस्तीपर्यंत आली असे नव्हे. आपल्या वस्तीवर कनेक्शन मिळते का, याची चौकशी काडी घेण्याआधी करावी. शेजाऱ्याकडे असेल तर संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला त्याच्या घरी जाऊन पाहावे. दुपारी वेग सगळीकडे चांगला असतो, खरी परीक्षा रात्री सगळे गाव टीव्ही लावते तेव्हा होते. एचडीसाठी सेकंदाला ५ एमबीपीएस वेग टिकून मिळाला तरी पुरे.

घराची बांधणीही पाहावी. आपल्याकडच्या माळवदाच्या भिंती हात-दीड हात जाड. राउटर सोप्यात आणि टीव्ही माजघरात असेल, तर वायफाय मध्येच दम सोडते. वायफायच्या दोन पट्ट्या असतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण भिंतीला अडते. २.४ ची पट्टी हळू, पण लांब जाते. जाड भिंतीच्या घरात २.४ वर जोडून पाहावे, किंवा राउटरच टीव्हीजवळ आणावा. काडीसोबत एक छोटी जोडतार मिळते. तिने काडी टीव्हीच्या पाठीमागून थोडी बाहेर काढली तरी रेंज सुधारते.

वीज आणि ऊन

सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत दुपारी टीव्हीच्या मागे भट्टी असते. काडीला पंखा नसतो, ती तापली की अडकते, बंद पडते. लोक म्हणतात "डबडं बिघडलं", पण बऱ्याचदा ती नुसती तापलेली असते. काडी मोकळ्या हवेत राहील असे पाहावे.

काडीचा वीजपुरवठा टीव्हीच्याच यूएसबी भोकातून घेण्याची खोड अनेकांना असते. तेवढी वीज कधी पुरते, कधी नाही. मग काडी आपोआप बंद-चालू होत राहते. सोबतचा ॲडाप्टर बोर्डात लावावा. गावात पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली-वर होते, त्यासाठी स्टॅबिलायझर असलेला बरा. लोडशेडिंगमध्ये टीव्ही इन्व्हर्टरवर चालला तरी राउटर बंद असेल तर काडीचा उपयोग शून्य. राउटरलाही बॅकअप हवा, त्याला वीज फार लागत नाही. वळवाचे ढग गडगडू लागले की छत्रीची वायर आणि टीव्हीचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत.

वर्षाचा हिशेब मांडा

समजा काडी ३,५०० रुपयांची घेतली. इंटरनेटचा प्लॅन महिना ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७२. वर्षाचे झाले ५,६६४ रुपये. एखादे ॲप महिना १५० रुपयांचे घेतले, तर वर्षाचे १,८००. दोन्ही मिळून ७,४६४ रुपये. काडी धरून पहिल्याच वर्षी १०,९६४ रुपये लागले. पाच वर्षांचा हिशेब केला तर ४०,८२० रुपये होतात. काडी साडेतीन हजारांची, पण गाडी चाळीस हजारांच्या पुढे गेली. पोरांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज यासाठी इंटरनेट घरात घेणारच असाल, तर हा भार टीव्हीवर टाकायचे कारण नाही. पण नुसत्या टीव्हीसाठी घेत असाल, तर दहादा विचार करा.

नोकरदाराला पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याला पैसा हंगामाला. ॲपवाल्यांचे पैसे मात्र दर महिन्याला खात्यातून आपोआप कापले जातात. याला ऑटोपे म्हणतात. नियमानुसार पैसे कापण्याआधी २४ तास मेसेज यायला हवा. तो वाचावा. नको असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी रद्द करता येते. 'पहिला महिना फुकट' म्हणून सुरू केलेले बंद करायचे विसरते, आणि पीककर्जाच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशातून कात्री लागते.

'सगळे चॅनेल फुकट'वाली पेटी

बाजारात बिननावाच्या पेट्याही मिळतात. विकणारा सांगतो, "एकदाच पैसे द्या, सगळे सिनेमे, सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट." अशा पेटीपासून लांब राहावे. एक तर ते चोरीचे प्रक्षेपण, आज आहे उद्या नाही. दुसरे, अशा स्वस्त पेट्यांत कारखान्यातूनच घातक प्रोग्राम घातलेले सापडले आहेत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या अशाच प्रकाराबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. पेटी आपल्या टीव्हीवर सिनेमा दाखवते आणि पाठीमागे आपले इंटरनेट चोरांच्या कामाला जुंपते. त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाईल असतो, हे विसरू नये.

घेताना पक्के बिल घ्यावे. खोक्यावर आणि ॲडाप्टरवर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घालून खरा-खोटा तपासता येतो. अँड्रॉइडची पेटी असेल तर ती 'प्ले प्रोटेक्ट प्रमाणित' आहे का, हे विचारावे. तसे नसेल तर पैसे भरूनही काही ॲप एचडी चित्र देत नाहीत.

नामांकित कंपनीचे यंत्रही कायमचे नसते. गूगलने २०१३ मध्ये आणलेल्या क्रोमकास्ट मालिकेचे उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवले. मार्च २०२५ मध्ये जुनी क्रोमकास्ट यंत्रे कंपनीकडच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने काही दिवस बंद पडली होती. म्हणून दुकानात पडून राहिलेले जुने मॉडेल 'स्वस्तात' म्हणून घेऊ नये.

काडी सुरू करताना अडचण आली तर इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरला फोन करू नये. 'ॲक्टिव्हेशन फी' मागणारा बहुधा भामटाच असतो. नंबर खोक्यावरचाच घ्यावा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवावे. यंत्र खराब निघाले आणि दुकानदार दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

शाळा आणि ग्रामपंचायतीसाठी

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी हा विषय वेगळ्या नजरेने पाहावा. २०२० च्या टाळेबंदीत पोरांकडे मोबाईल नव्हते, म्हणून सोलापुरातल्या नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. त्याच वर्षी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ते ओळखले जातात. त्या कोडमागचे धडे मोठ्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दाखवायचे, तर शाळेच्या टीव्हीला काडी उपयोगी पडते.

पण जिथे इंटरनेट भरवशाचे नाही, तिथे फ्री डिशची छत्रीच बरी. पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या त्यावर बिनपैशाने दिसतात. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली होती. आणि एक ध्यानात ठेवावे, घरगुती वर्गणीचे ॲप चावडीवर लावून गावाला सिनेमा दाखवणे नियमात बसत नाही. ती परवानगी फक्त घरापुरती असते.

छत्री उतरवू नका

काडी आली की पोरं छत्री काढून टाकायला निघतात. तेवढे मात्र करू देऊ नका. फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री आणि २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान त्यावर आहे. खासगी वाहिन्या लिलावाने येतात, म्हणून यादी बदलते, तेवढे चालायचेच. सोलापुरातून छत्रीचे तोंड आग्नेयेला ठेवले की काम झाले. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जाईल, पण परत येईल. घरातल्या म्हातारीला पंढरीची आषाढीची पूजा पाहायची असते. तिला ना पासवर्ड जमतो, ना पडद्यावर फिरत्या चौकटीने अक्षरे निवडणे. एका बटणावर लागणारा टीव्ही तिच्यासाठी राहिलाच पाहिजे. दोन्ही एकाच टीव्हीला जोडता येतात, रिमोटवर 'सोर्स' बदलला की झाले.

लहान मुले असतील तर काडीला पिन लावावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ॲपवाल्यांनी कार्यक्रमावर वयोगट लिहिणे आणि १३ वर्षांवरील गटापासून पुढे कुलूप लावायची सोय देणे बंधनकारक आहे. सोय आहे, पण कुलूप आपणच लावायचे असते.

थोडक्यात, घरात पक्के इंटरनेट असेल, टीव्हीला एचडीएमआय असेल आणि वर्षाचे सात-साडेसात हजार झेपत असतील, तर नामांकित कंपनीची साधी एचडी काडी पक्क्या बिलावर घ्यावी. ३२ इंची टीव्हीसाठी फोर-केचे जादा पैसे मोजू नयेत, डोळ्याला फरक कळत नाही. इंटरनेटचा भरवसा नसेल, तर छत्रीवर समाधान मानावे आणि काडीचे पैसे पुढच्या हंगामापर्यंत राखून ठेवावेत. तोवर तार वस्तीवर आली, तर काडी कुठे पळून जात नाही.