काळी वाळू, तांबडा गेरू आणि प्राणवायु

शहापूर तालुक्यांतील भातसा किंवा मुरबाडकडील काळू या नद्यांच्या पात्रांत, कोरड्या वाळूंतून एखादें लोहचुंबक फिरवून पाहावें. त्याला बारीक काळे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. सह्याद्रीचा काळा पत्थर झिजून सुटलेले हे मॅग्नेटाइट या खनिजाचे स्फटिक होत. त्यांत थोडें टायटॅनियम मिसळलेलें असतें. पण मुख्य भाग लोह आणि प्राणवायु यांचाच.

तुळशीवृंदावनास लावावयाचा गेरूही याच दोन द्रव्यांचा! लोहाचे सहा अणु घेतले, तर शुद्ध मॅग्नेटाइटमध्यें प्राणवायूचे आठ अणु असतात आणि गेरूंतील तांबड्या ऑक्साईडमध्यें नऊ. एका अणूचा काय तो फरक. पण तेवढ्यानें काळ्याचें तांबडें होतें, वीज वाहून नेणारा पदार्थ विजेस अडवूं लागतो, आणि चुंबकाकडे झेप घेणारा कण स्वस्थ बसतो. मधल्या अवस्थाही आहेत. त्यांत येथें शिरत नाहीं.

फरक याहून पुष्कळ सूक्ष्म असला तरी स्फटिकास तो जाणवतो. मॅग्नेटाइट सुमारें उणे १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केलें कीं त्याची वीज वाहण्याची शक्ति एकाएकीं सुमारें शंभर पटींनीं घटते, हें डच शास्त्रज्ञ फेर्वे यांनीं १९३९ मध्यें दाखविलें. पुढें एकसंध स्फटिकांवर प्रयोग झाले. (भुकटींत कणाकणांमधील सांधेच विजेस अडवितात, म्हणून एकसंध स्फटिकच हवा.) लोहाच्या शेंकडा एकाहूनही कमी जागा रिकाम्या राहून प्राणवायूचें प्रमाण तितकेंच वाढलें, तरी हा पालट आणखी थंडींत होतो, असें त्यांत आढळलें.

आपल्या डोंगरांच्या बाबतींत हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हा थिजतांना या स्फटिकांनीं पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्या ठायीं साठविली. क्लेग, डॉयच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजून १९५६ मध्यें प्रसिद्ध केली; तीवरून तेव्हां भारतभूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती असें दिसलें. मात्र हवापाण्यानें प्राणवायु मुरलेल्या दगडांत मूळची दिशा पुसट होते, किंवा तीवर नवी चढते. माहुलीच्या पायथ्याशीं पडलेला धोंडा फोडला असतां बाहेर तपकिरी साल व आंत निळसर काळा गाभा दिसतो. मोजणीसाठीं नमुना घ्यावयाचा तो त्या गाभ्याचा.