पसंतीचे गणित आणि अतुलनीयतेचा प्रश्न

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात डेटाबेसला विचारलेला प्रश्न अटीच्या रूपात असतो. नोंद ती अट पुरी करते किंवा करीत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत एखाद्या अनुवादाची 'सटीप आणि २००० नंतरची' आवृत्ती मागावी, तर अनेकदा हाती शून्य येते. अटी सैल कराव्यात, तर नोंदींचा ढीग. वाचकाच्या मनात मात्र अट नसून पसंती असते: टिपा असलेली बरी, नवी बरी, न मिळाल्यास त्यातल्या त्यात चांगली चालेल.

ही पसंती मांडण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे प्रत्येक नोंदीला गुण देणे. आउग्सबुर्ग विद्यापीठातील वेर्नर कीसलिंग यांनी २००२ मध्ये, तर यान खोमित्स्की यांनी २००३ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते पसंती हा दोन नोंदींमधील 'हिच्यापेक्षा ती बरी' असा संबंध होय. कोणतीही नोंद स्वतःपेक्षा बरी नसते. आणि पहिली दुसरीपेक्षा व दुसरी तिसरीपेक्षा बरी असल्यास पहिली तिसरीपेक्षा बरी ठरते. प्रत्येक जोडीची तुलना झालीच पाहिजे, असा आग्रह मात्र नाही. गणितात यालाच काटेकोर आंशिक क्रम म्हणतात.

समजा, 'अ' ही १९९५ ची सटीप प्रत, 'ब' २००६ ची टिपांविना, 'क' १९८२ ची सटीप. दोन्ही पसंती समान महत्त्वाच्या मानल्या, तर 'अ' ही 'क'पेक्षा निश्चित बरी. 'ब' मात्र दोघींशीही अतुलनीय. आता 'ब'ला गुण किती द्यावेत? 'अ'इतके दिले, तर ती 'क'वर मात करते. 'क'इतके दिले, तर 'अ'पुढे हरते. कोणताही आकडा घेतला, तरी वाचकाने न सांगितलेली एक आवड त्याच्या नावे नोंदली जाते. अतुलनीय म्हणजे समान नव्हे, हे तौलनिक अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. गुणांच्या पद्धतीला मात्र हा भेद पेलत नाही.

आंशिक क्रमानुसार उत्तरात 'अ' आणि 'ब' येतात. 'अ' संग्रहात नसती, तर 'क'ही आली असती. म्हणजे नोंदीचे स्थान तिच्या गुणांइतकेच सोबतच्या नोंदींवर अवलंबून असते. टिपांना अग्रक्रम दिल्यास एकटी 'अ' उरते.

अडचण पसंतींची संख्या वाढल्यावर येते. अनुवादक, प्रस्तावना, मूळ भाषेतून थेट अनुवाद असे निकष समान महत्त्वाने जोडत गेल्यास बहुतेक नोंदी परस्परांशी अतुलनीय होतात आणि उत्तर पुन्हा ढिगाकडे झुकते. तेव्हा निकषांत अग्रक्रम ठरवावा लागतो, आणि तो वाचकाने ठरवायचा की सूची बांधणाऱ्याने, याचे उत्तर गणितात नाही.